दंडाची पावती

परवा चोपड्यात माझ्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून एक पावरा आदिवासी बाबा आले, सोबत नातू. पिशवीतून पिशवी काढली, तिच्यातून आणखी एक, आणि शेवटी घडीवर चिरून चार तुकडे व्हायला आलेला कागद. वनखात्याची दंडाची पावती, 1983 सालची, त्यांच्या वडिलांच्या नावाची. जंगलात नांगर धरला म्हणून झालेला दंड. शाई एवढी उडालीय की नाव लागायला मोबाइलची बॅटरी लावावी लागली.

ही पावती त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवावं लागतं. सरकारने बापाला ज्या कागदावर गुन्हेगार ठरवलं, तोच कागद लेकाच्या कामी येतो. तरीही दावा फेटाळला गेला. कारण एका ओळीचं, 'पुरावा अपुरा'. बाबा मला एवढंच विचारत होते की, "दादा, दंड भरला तेव्हा जमीन आमची नव्हती, मग दंड आम्हाला कसा?"

मी वीस वर्षं निमलष्करी दलात काढली, त्यातली बरीचशी दंडकारण्यात. माझ्या तुकडीतली पोरं गेलीत. बंदुकीची किंमत मला कोणी शिकवू नये. पण सुरक्षा म्हटलं की आपण फक्त किती माओवादी मारले आणि किती शरण आले हेच मोजतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

नुसती बंदूक की जमिनीचा हक्कही, हा प्रश्न खान्देशाने दोनशे वर्षांपूर्वी पाहिलाय. 1818 मध्ये इंग्रज आले. पहिली काही वर्षं भिल्लांवर फौजा धाडल्या, डोंगर शांत होईना. 1825 मध्ये, एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, धोरण बदललं. गुन्हे माफ, कसायला जमीन, बी-बैलांसाठी तगाई म्हणजे सरकारी कर्ज, आणि त्यासोबत आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला उभी केलेली भिल्लांची पलटण. पलटण सगळ्यांना आठवते, तगाई कोणाला आठवत नाही. इंग्रजांनी हे प्रेमापोटी केलं नव्हतं, आणि पुढे ते टिकवलंही नाही. ज्या खाज्या नाईकांनी सेंधव्याच्या घाटात इंग्रजांच्या नोकरीत राखण केली, तेच 1857 मध्ये त्यांच्याविरुद्ध उठले. 1878 च्या कायद्याने जंगलावर सरकारची मालकी घट्ट केली आणि त्यात पिढ्यान्पिढ्या राहणारा माणूस घुसखोर ठरू लागला. बाबांच्या पावतीचं मूळ तिथे आहे.

आता कोलंबिया बघा. फार्क ही तिथली सशस्त्र बंडखोर संघटना 1964 पासून सरकारशी लढत होती. हवानात चार वर्षं बोलणी झाली आणि 2016 च्या करारात पहिलं कलम कशाचं होतं? जमिनीचं. 30 लाख हेक्टर भूमिहीन आणि अल्पभूधारकांसाठी, 70 लाख हेक्टरवर कागदोपत्री हक्क. त्या 2 ऑक्टोबरच्या सार्वमतात करार अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने पडला, तरी दुरुस्त्या करून नोव्हेंबरमध्ये सह्या झाल्या. 2017 मध्ये बंदुका संयुक्त राष्ट्रांच्या हवाली झाल्या. शस्त्रांचं काम वर्षभरात उरकलं, जमिनीचं मात्र रेंगाळलं. 2019 मध्ये फार्कच्या बाजूने बोलणी करणाऱ्यांचा प्रमुख इव्हान मार्केस याने पुन्हा शस्त्र उचललं. त्यात कोकेनचा पैसा आहे, राजकारण आहे, हे मान्य. पण ज्या गावात सातबारासारखा कागद पोचला नाही, तिथे नवी टोळी लवकर पाय रोवते, हे मी दुसऱ्या जंगलात डोळ्यांनी पाहिलंय.

ऑक्टोबर 2025 मध्ये गडचिरोलीत माओवादी नेता भूपतीने साथीदारांसह शस्त्रं ठेवली, तेव्हा मला खरंच आनंद झाला. शरण येणाऱ्याला पुनर्वसनाची रक्कम, घर, काम मिळतं. मिळालंच पाहिजे, त्यावर माझा आक्षेप नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. सातपुड्याने बंदूक उचलली नाही. इथल्या माणसांनी अर्ज केले, ग्रामसभा घेतल्या, नोव्हेंबर 2018 मध्ये ठाण्याहून आझाद मैदानापर्यंत पायी चालत गेली. तीन महिन्यांत, 13 फेब्रुवारी 2019 ला, फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली म्हणून बरं, पण ते पंधरा दिवस पाड्यापाड्यांवर कसे गेले ते विचारा. बंदूक ठेवणाऱ्यासाठी समारंभ होतो. कायद्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या वाट्याला फेऱ्या येतात. देशाच्या सुरक्षेची काळजी असणाऱ्या प्रत्येकाला या गोष्टीची लाज वाटली पाहिजे, मला वाटते. पोलिस चौकी बांधायला जेवढी घाई करतो, तेवढीच घाई मोजणीदार पाठवायला का नाही?

फेटाळल्यापासून 60 दिवसांत अपील करता येतं. बाबांचे अकरा उरलेत. मंगळवारी मी सोबत जातोय. नातवाने पावतीचे फोटो काढलेत, तीन झेरॉक्सही झाल्या.

चोपडा, यावल, शिरपूर, शहादा, अक्राणी इकडच्या मित्रांनो, घरात अशी जुनी पावती असेल तर चुलीजवळच्या फळीवरून आधी काढा. फेटाळलं तर कारण लेखी मागा, ते देणं बंधनकारक आहे. अर्ज लिहून हवा असेल तर मी रोज संध्याकाळी घरीच असतो, मेसेज करा.