‘काळच सगळे विसरायला लावतो’ : फिरत्या संदेशाला एक उत्तर

गावाकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा : आपल्या आया-आज्यांनी दुष्काळ सोसला, सासुरवास सोसला, किल्लारीचा भूकंप पाहिला, पण त्यांना कधी मनाचा डॉक्टर लागला नाही, आघात वगैरे शहरी चोचले आहेत, काळ हेच औषध, म्हणून मागचे उगाळू नये, माफ करावे आणि नामस्मरणात मन रमवावे. पाठवणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असेल. तरीही वर्षानुवर्षे मार, अत्याचार किंवा दहशत सोसलेल्या माणसाला हा संदेश उपचारापासून दूर ठेवतो, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे आवश्यक आहे.

किल्लारीचा दाखला आधी घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे ढिगाऱ्याखाली गेली आणि हजारो माणसे दगावली. एकदाच कोसळणाऱ्या अशा आपत्तीनंतर दचकणे, झोपमोड, भीती हे पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांत ओसरते, हे खरे आहे. सर्वांच्या बाबतीत नाही, हेही तितकेच खरे. पण भूकंप झाला हे कोणी नाकारले नाही, आणि ज्यांची माणसे गेली त्यांना ‘तूच काहीतरी केले असशील’ असेही कोणी म्हटले नाही. घरातल्याच माणसाकडून लहानपणापासून छळ झालेल्या मुलीच्या वाट्याला मात्र बहुधा हेच दोन्ही येते. तेव्हा भूकंपाचा दाखला तिला लागू पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिने ‘गुंतागुंतीचा आघातोत्तर तणाव विकार’ हे स्वतंत्र निदान मान्य केले. जेथून सुटका अवघड किंवा अशक्य असते अशा, दीर्घकाळ किंवा वारंवार घडलेल्या घटनांनंतर तो बहुधा उद्भवतो. घडून गेलेले आत्ताच घडत असल्यासारखे पुन्हा अनुभवणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे आणि सतत धोका जाणवणे ही त्याची पहिली तीन लक्षणे. त्यांच्या जोडीला भावनांवर ताबा न राहणे, आपण कवडीमोलाचे किंवा कलंकित आहोत ही खोल रुजलेली समजूत आणि कोणाच्याही जवळ जाण्यातील अडचण, हीही असतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी ही मांडणी १९९२ मध्येच केली होती.

काळाने हे आपोआप का सरत नाही, हा या प्रतिवादाचा गाभा आहे. दाराबाहेरच्या पावलांवरून बाप पिऊन आला आहे की नाही हे ओळखायला शिकलेले लेकरू त्या सावधपणावरच जगलेले असते. पुढे बाप राहत नाही, पण कडी वाजली की छातीत धडधड होते आणि घशात गोळा येतो. त्या त्रासापासून वाचण्यासाठी ते माणसे, घर, बोलणे, सगळेच टाळू लागते. आणि टाळत राहिल्यामुळे धोका संपल्याचा अनुभव त्याच्या शरीराला कधी मिळतच नाही. अशी वीस वर्षे गेली तरी भीती जेथल्या तेथे राहते.

आया-आज्यांना काही झाले नाही, हे कोणी विचारले होते? रात्र रात्र जागणारी, लहानशा आवाजाने थरथरणारी किंवा अचानक संतापणारी बाई त्या काळी चिडकी ठरली किंवा ‘बाहेरचे’ म्हणून भगताकडे नेली गेली. अशा प्रत्येकीला हाच विकार होता असे म्हणता येणार नाही, पण दवाखान्यात नोंद नाही म्हणून दुःखच नव्हते, हा निष्कर्ष निखालस चुकीचा आहे.

शहरी चोचल्यांचे म्हणणे तर बीड जिल्ह्यात बसून कोणी करूच नये. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन दरवर्षी साखर कारखान्यांच्या फडावर जाणाऱ्या ऊसतोड कामगार कुटुंबांतील बाईवर तेथे अत्याचार झाला, तर मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, सोडून ती जाणार कोठे? ‘जेथून सुटका अवघड’ ही अट आपल्या भागात नेमकी कशी दिसते, ते यावरून कळावे.

मागचे उगाळू नये, या सल्ल्यात मात्र तथ्याचा अंश आहे. नातेवाइकांनी घोळका करून ‘नेमके काय झाले ते सांग’ म्हणून पिच्छा पुरवला तर त्रास वाढतो. उपचार म्हणजे तसले उगाळणे नव्हे. प्रशिक्षित व्यक्ती आधी झोप, सुरक्षितता आणि भीती चढल्यावर भानावर येण्याचे मार्ग पाहते. आठवणींचे काम त्या माणसाच्या संमतीने आणि त्याला झेपेल तेवढेच होते. आघाताशी जोडलेले विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारा आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धत यांनी अनेकांना लक्षणीय आराम पडतो. आठवणींकडे वळण्याआधीचा हा तयारीचा टप्पा किती लांब असावा, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. औषधे झोप आणि नैराश्यासाठी उपयोगी पडतात, परंतु केवळ गोळीने हा विकार जात नाही. सुधारणा संथ असते, मधेच पुन्हा बिघडतेही. तेवढ्यावरून उपचार वाया गेले असे समजू नये.

माफीची सक्ती मला सर्वांत घातक वाटते. छळणारा त्याच घरात असेल तर आधी संरक्षण हवे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. माफ करायचे की नाही, हा तिचा निर्णय आहे, आणि न करताही बरे होता येते.

नामस्मरणाला माझा विरोध नाही. भजनी मंडळातली सोबत एकट्या पडलेल्या माणसाला आधार देते. परंतु गंगाखेडच्या जनाबाईंनीही आपले दुःख गिळून टाकले नाही, त्या विठ्ठलाशी उघड भांडल्या. त्यांचे नाव घेऊन कोणाला गप्प बसवणे योग्य नाही.

मदतीसाठी टेली मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञांना भेटता येते. समुपदेशकाला आघातावरील उपचारांचे प्रशिक्षण आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. सोबत जाणाऱ्याने बाहेर थांबण्याची तयारी ठेवावी आणि आत काय बोलणे झाले, हे परतीच्या एसटीत विचारू नये.