सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून विंडोजच्या पोटात हात घालू नका

दिवाळीपासून आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, भाच्याच्या कॉलेज ग्रुपवरही तोच आलाय: "सी ड्राइव्ह लाल झाला? विनएसएक्सएस फोल्डर उडवा, प्रीफेच रिकामं करा, हायबरफिल डिलीट करा, फोटो क्लाउडवर गेले की लॅपटॉपवरून काढा, ५० जीबी मोकळी!" लाल पट्टी म्हणजे जागा संपत आली, हे खरं, पण हात जोडून सांगतो, असं करू नका.

विनएसएक्सएसचं, म्हणजे विंडोज स्वतःचे भाग आणि अपडेटच्या फाईली ठेवतं त्या फोल्डरचं, आधी बोलतो, सगळ्यात मोठा धोका तिथंच आहे. साइज बघितली की कितीतरी जीबी दिसते आणि वाटतं सापडला चोर, पण त्यातल्या बऱ्याच फाईली विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये आहेत त्याच असतात, हार्ड लिंकने, म्हणजे एकाच फाईलला दोन नावं दिल्याने, दोन ठिकाणी दिसतात आणि एक्सप्लोरर दोन्हीकडे मोजतो, म्हणजे दिसते तेवढी जागा तिथं अडकलेलीच नसते. फोल्डर जबरदस्तीने उडवला तर अपडेट बंद पडतील, कदाचित विंडोज चालूच होणार नाही. जुन्या अपडेटचा गाळ काढायचाय ना, मग डिस्क क्लीनअप उघडा, 'क्लीन अप सिस्टम फाईल्स' दाबा, विंडोज अपडेट क्लीनअपवर टिक करा, बास.

प्रीफेच म्हणजे प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने ठेवलेल्या नोंदी, काही एमबींचा मामला. विंडोज ते परत बनवतंच, तोवर प्रोग्रॅम उलट हळू उघडतात.

हायबरफिलचं मात्र अर्धं खरंय. हायबरनेट म्हणजे चालू काम डिस्कवर जपून लॅपटॉप बंद करणं, ते काम या फाईलमध्ये जातं. १६ जीबी रॅम असेल तर ही फाईल साधारण ६ जीबी खाते, पण ती हाताने डिलीट होत नाही, हायबरनेट बंद केलं की आपोआप जाते आणि सोबत फास्ट स्टार्टअप, म्हणजे लॅपटॉप लवकर चालू होण्याची सोयही जाते. हायबरनेट वापरत नसाल तर खुशाल करा.

क्लाउडच्या मुद्द्याचा मला खरंच राग येतो. सिंक फोल्डरमधून, म्हणजे क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमधून डिलीट म्हणजे दोन्हीकडून डिलीट. माझ्या पंचवटीतल्या मावशीचे २०१५ च्या सिंहस्थातले रामकुंडावरचे फोटो असेच गेले, तिने मला सांगितलं तोवर महिना उलटला होता आणि क्लाउडचं रिसायकल बिनही रिकामं झालेलं. त्यात आजी होती हो. मायक्रोसॉफ्टचं क्लाउड वनड्राइव्ह असेल तर फाईलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' घ्या, फोटो क्लाउडवर राहतो, लॅपटॉपवरची जागा सुटते.

काल भाच्याचा लॅपटॉप घेऊन बसलो, सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज उघडलं. सगळा पसारा डाउनलोड्समधला, व्हिडिओ, तीन-तीनदा उतरवलेले सेटअप. काही व्हिडिओ त्याने डेस्कटॉपवर हलवले होते, पण डेस्कटॉपही सी मध्येच असतो ना रे! बाकीचे डिलीट केले होते, ते रिसायकल बिनमध्ये तसेच पडलेले. तेवढं रिकामं केलं तर पट्टीचा लाल रंग गेला.