एफची डवरणी

आमच्या गावात गिटार वाजवणाऱ्याला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "हे शिकून नोकरी लागते का बे?" दुसरा तिसऱ्या दिवसापासून सुरू होतो, "अजून तेच चालू हाय?" त्याला मी छाती काढून "हो" म्हणतो. रियाज म्हणजे तेच तर असतं. अख्खं गाणं काय, कुणीही वाजवतं. पण गाण्यातली ती एक जागा, जिथं बोटं काळ्या मातीत रुतलेल्या बंडीसारखी अडकतात, तीच घोकायची.

बहुतेकांची ती जागा म्हणजे एफ कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एकदम छेडायचा सुरांचा जुडगा. सी, जी, ई मायनरपर्यंत सगळेच राजे असतात. मग एफ येतो. गिटारीच्या मानेवर, म्हणजे लांब दांडीवर, धातूच्या आडव्या पट्ट्यांनी खण पाडलेले असतात, ते फ्रेट. तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या, वर उरलेल्या तीन बोटांनी पुढच्या तारा धरायच्या. आवाज येतो तो ओली पऱ्हाटी चुलीत घातल्यासारखा, फुस्स!

लोक म्हणतात, जोर कमी पडतो. मला ते फारसं पटत नाही. पहिला फ्रेट नटला (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) लागून असतो, तिथं तार सगळ्यांत ताठ. म्हणून एफ तिथं शिकायचाच नाही. हाच आकार पाचव्या फ्रेटवर न्या (तिथं त्याला ए म्हणतात), स्वच्छ वाजला की एकेक फ्रेट मागं या. तर्जनी सपाट ठेवू नका. अंगठ्याच्या बाजूला जरा कलती, हाडाच्या कडेवर. फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, पण पट्टीवर नाही. अंगठा मानेच्या मागं, मधोमध. मग एकेक तार छेडायची. मुकी निघते ती तार बहुधा पेराच्या सांध्याच्या खळग्यात गेलेली असते. बोट दोन मिलिमीटर वर सरकवलं की ती बोलते.

आता वेग. मोबाइलमधला मेट्रोनोम (टिकटिक करून ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा. चार ठोके सी, चार ठोके एफ. सलग तीनदा बिनचूक आलं तरच 64. चुकलं तर मुकाट्यानं 56. रोज 20 मिनिटं. आठवडाभर गिटारीला हात न लावता रविवारी अडीच तास बसणं म्हणजे कपाशीची डवरणी चुकवून पोळ्याला एकदम तण उपटायला निघणं. शिवाय हात इमानी असतो, घाईत केलेली चूकही तितकीच पक्की पाठ करतो.

बोटांची टोकं सुरुवातीला सोलवटतात, दोनतीन आठवड्यांत घट्टे पडतात. तोवर वेचणीवरून आलेल्या बाईसमोर कण्हू नये. बोंडाच्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा फाटलेल्या असतात. ती काही बोलत नाही, फक्त बघते.

खरा वैरी मे महिना. 45 अंशांत लाकूड सुकून आक्रसतं, फ्रेटच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येतात आणि तळहाताला ओरखडतात. दया येऊन गिटार कूलरसमोर ठेवली, तर लाकूड फुगतं आणि तारा उंच उठतात. मग एफ सोडा, ई मायनरही रडतो. गिटारीला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आमच्याकडे अंगणात तवा आणि कूलरपुढं श्रावण, मधलं काहीच नाही. तेव्हा पिशवीत घालून माजघरात ठेवायची. टिनाच्या खोलीत तर नकोच. सहा स्टीलच्या तारांची ओढ मिळून 70 किलोच्या आसपास जाते. उष्णतेनं डिंक मऊ पडला की ब्रिज, म्हणजे खाली तारा अडकवलेली पट्टी, उचकटतो. वाजवून झालं की तारांवरचा घाम सुती फडक्यानं पुसायचा, नाहीतर गंज चढतो. फडक्याची तरी आपल्याकडे कमी नाही.

सगळ्यांत चांगला सराव लाइट गेल्यावर होतो. बोटं दिसत नाहीत, म्हणून कानाला काम करावं लागतं. शेतपंपाची थ्री फेज वीज रात्री येते तेव्हा ओलिताला निघालेले काका ओसरीसमोर थांबून विचारतात, "गाणं कवा सुरू होते, बावा?"

सध्या 68 चालू आहे.