टाइलखाली टाइल निघाली तेव्हाच विचारायला हवं होतं

नमस्कार ताई,

आमच्या कामाला रिव्ह्यूत एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की शिवाजी पेठेतल्या घरी बाथरूमची टाइल काढायचं दोन दिवसांचं काम चार दिवस चाललं, पाइप फुटला, देवघरापर्यंत धूळ गेली आणि वर जादा पैसे मागितले. चारही गोष्टी झाल्यात, नाही म्हणत नाही.

पाइप आम्हीच फोडला. जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप आतनं गंजला होता हे खरं, पण घाव आमच्या छन्नीचा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद होता म्हणून तेव्हा कळलं नाही, संध्याकाळी पाणी सोडल्यावर एल्बोतनं, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडातनं, ओल उतरली. त्या दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, घेणारही नाही.

दिवस वाढले ते वेगळ्याच कारणानं. निळ्या फुलांची आठ-बारा इंची टाइल काढली तर खाली पांढरी सहा-सहा इंची टाइल तशीच! आधीच्या मालकानं जुनीवरच नवी चिकटवली होती. वरची एका दिवसात उतरली. खालची मात्र निव्वळ सिमेंटच्या घोळात बसवलेली, आणि तिच्यामागचा गिलावा रेतीचा, बोटानं भुगा होणारा. अशा ठिकाणी टाइल गिलाव्याला सोडत नाही, गिलावाच विटेला सोडतो. एकेक घाव घातला की हातभर पापुद्रा खाली यायचा आणि वीट उघडी पडायची. तुम्हाला वाटलं पोरं भिंत पाडतायत. मी तिथं असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

'त्यापेक्षा टाइलवर टाइल लावली असती तर बरं,' असंही तुम्ही म्हणालात. ताई, तो तिसरा थर झाला असता. शिवाय छन्नीच्या मुठीनं ठोकून बघितलं तेव्हा निम्मी भिंत बद्द वाजत होती. पोकळ भिंतीवर वजन चढवायचं काम आम्ही घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

राडारोडा बेचाळीस पोती निघाला. पोत्यात तीस किलोच्या वर भरत नाही, जिन्यावरनं उतरवायचा असतो. म्हणजे सव्वा टनाच्या आसपास झाला. बोळात छोटा हत्ती टेम्पो शिरेना म्हणून पोती एक रात्र दारात राहिली. शेजाऱ्यांचं बोलणं तुम्हाला ऐकावं लागलं, त्याची माफी मागतो.

धुळीचं मात्र काही सांगायला तोंड नाही. दाराला प्लॅस्टिक लावलं आणि वरचा झरोका विसरलो. अंबाबाईच्या तसबिरीवर बोटानं रेघ ओढता येईल एवढी धूळ होती, फोटो बघितला मी. त्यात पोरांनी कोरडा झाडू मारला, म्हणजे खाली बसलेली परत उडवली. ओल्या फडक्यानं पुसायची असते, आणि भिंतीवर आधी पाणी मारून मगच घाव घालायचा असतो. ही सिमेंट-रेतीची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट.

आता पैशाचं. दर एका थराचा ठरला होता. दुसरा थर दिसला तेव्हा हात थांबवून तुम्हाला फोन करायचा, मग पुढं जायचं. आमच्या मुकादमानं ते केलं नाही, बिल तेवढं वाढवलं. त्या थराची रक्कम परत करतो. नव्या गिलाव्याचे पैसे कमी होणार नाहीत, माल आणि मजुरी दोन्ही लागलेत.

झरोक्याच्या कडेचा गिलावा अजून राहिलाय. सोमवारी दहाला मी स्वतः गवंडी घेऊन येतो, आणि येताना फडकी आमचीच आणतो.