तीन इनटू बारा

गणिताला भाषा नसते, हे वाक्य आमच्या बाबांचं. मी पुण्यात बीएस्सी मॅथ्स करून इंग्लंडला शिक्षकीचा कोर्स करायला निघाले तेव्हा एअरपोर्टवर बॅग २ किलो जास्त भरली होती, मेतकूट काढायचं की भाजणी यावर आई आणि माझी जुंपली होती, आणि मधेच बाबा हे बोलून गेले. मी विश्वास ठेवला. तेव्हा बॅगेतून माझी अक्कलच बाहेर काढून ठेवली असणार, कारण भाजणी आणि मेतकूट दोन्ही पोचलं.

कोर्सचं नाव पीजीसीई. म्हणजे आपल्या बीएडचा विलायती मावसभाऊ, फक्त एका वर्षाचा, आणि त्यात किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळेत काढायचे, तेही निदान दोन वेगळ्या शाळांत. आपल्याकडे बीएडवाल्यांचे पाठ असतात ना, मागच्या बाकावर मॅडम वही घेऊन बसतात आणि पोरं त्या तासापुरती गोगलगाय होतात, मला वाटलं तसंच काहीतरी असेल. शाळा मिळाली लीड्समधली. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी अंधारात बस पकडायची आणि संध्याकाळी अंधारातच परत यायचं, मधे जो काही उजेड पडायचा तो वर्गात माझ्या डोक्यात.

पहिला उजेड हजेरीत. कॅटलॉगवर एक नाव होतं, एन-आय-ए-एम-एच. मी 'नियाम्ह' म्हणाले. वर्ग आडवा. त्याचा उच्चार 'नीव' आहे म्हणे, आयरिश नाव. पुढे एस-आय-ओ-बी-एच-ए-एन, मी सावधपणे 'सिओभान', तर ती निघाली 'शिवॉन'. ज्या देशात हे चालतं तिथल्या मुलांनी माझं ळ असलेलं आडनाव बघून हात टेकले आणि मला नुसतं 'मिस' करून टाकलं, तर मी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? (तिकडे तसंही सगळ्या बायकांना मिसच म्हणतात, चार नातवंडांच्या आजीलासुद्धा.)

आता ग्लू स्टिकबद्दल बोलायलाच हवं. आपण फळ्यावरचं वहीत उतरवून घेत मोठे झालो. इथे वर्कशीट छापायचं, ते वहीत चिकटवायचं आणि मग त्यावर लिहायचं. म्हणजे रोज ३० मुलं, ३० कागद, ३० ग्लू स्टिक. माझी मेंटॉर, माझ्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठी, हिला मी आठवडाभर मॅम म्हणत होते आणि ती दर वेळी मागे वळून बघायची की कोण आलंय, तर तिने पहिल्या दिवशी मला शिकवण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. फक्त म्हणाली, ग्लू स्टिक मोजून दे आणि मोजून घे. मला वाटलं, ब्रिटिश विनोद. पहिल्या तासाला ३० दिल्या, २२ परत आल्या, त्यातल्या ९ना टोपण नव्हतं आणि एक कुणीतरी थोडी खाल्लेली होती. शिवाय माझी वर्कशीटं ए-फोर आणि वह्या त्याहून लहान, त्यामुळे प्रत्येक वहीतून कागद असा बाहेर लोंबत होता जसा घाईत नेसलेल्या धोतराचा सोगा. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला मी कागद कापायच्या मशीनपाशी. बीएस्सी डिस्टिंक्शन. आई विचारायची, काय करत होतीस गं सकाळी? कातरकाम.

आणि मग युनिव्हर्सिटीचे ट्यूटर माझा तास बघायला आले तो दिवस. इयत्ता एट, म्हणजे बारा-तेरा वर्षांची पोरं. सुरुवातीला सोपे प्रश्न, मुलांच्या हातात छोटे व्हाइटबोर्ड, उत्तर लिहायचं आणि मी 'शो मी' म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर धरायचं. पहिला प्रश्न सहाचा वर्ग. छान, ३६, ३६, ३६, एक मांजर. मी खूश. दुसरा प्रश्न मी ठणकावून विचारला, थ्री इनटू ट्वेल्व्ह?

२८ बोर्डांवर ४.

मी बघत राहिले. बारा त्रिक छत्तीस, अहो आमच्याकडे हे पोर रांगायला लागलं की येतं. मी म्हटलं, नो, परत विचार करा. परत ४, या वेळी मोठ्या अक्षरात. फक्त एका पोराच्या बोर्डवर ३६ होतं, मी त्याचं असं तोंड भरून कौतुक केलं की तो कावराबावरा झाला, मागाहून कळलं की तो आधीच्या प्रश्नाचं उत्तर पुसायला विसरला होता.

शेवटी मागे बसलेल्या असिस्टंट बाई हळूच म्हणाल्या, मिस, ते भागाकार करताहेत. झालं असं की आपल्याकडे 'इनटू' म्हणजे गुणिले, अकरावीपासून मी तेच ऐकत आले, आणि तिकडे 'थ्री इनटू ट्वेल्व्ह' म्हणजे बारात तीन किती वेळा जातात. चार वेळा. २८ पोरं बरोबर आणि मिस चूक. हे कळल्यावर वर्गाला जो आनंद झाला त्याला तोड नाही, एकाने अगदी निरागसपणे हात वर केला, मिस, मग तुमच्याकडे भागाकाराला काय म्हणतात? मी म्हटलं, ट्वेल्व्ह बाय थ्री. तर तो म्हणे, म्हणजे बारा बाय तीनची खोली? मग क्षेत्रफळ ३६ ना?

म्हणजे माझा गुणाकार तिथला भागाकार आणि माझा भागाकार तिथला गुणाकार. ट्यूटर मागे खाली मान घालून लिहीत होते, खांदे हलत होते.

तास संपल्यावर फीडबॅक. तिकडे वरती डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लिहितात, मी वेबसाइटचा पत्ता शोधत बसले, तर त्याचा अर्थ 'काय चांगलं झालं'. त्याखाली लिहिलं होतं, 'अ ब्रेव्ह लेसन'. मी त्याच संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं की सर मला शूर म्हणाले, बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, वीसेक अंगठे आले. रात्री फ्लॅटमधल्या नायजेरियन मैत्रिणीने, जिचं हे तिथलं तिसरं वर्ष, मला बसवून समजावलं की इंग्रज माणूस ब्रेव्ह म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

पण त्या दिवशी एक झालं. तास संपल्यावर मी सवयीने ग्लू स्टिक मोजल्या. ३० दिल्या होत्या, ३१ परत आल्या. पुन्हा मोजल्या, ३१च, सगळ्यांना टोपणं. मी डबा छातीशी धरून उभी होते आणि तेवढ्यात शेजारच्या वर्गातल्या सायन्सच्या बाईंनी दारातून डोकं आत घातलं, म्हणाल्या, सॉरी लव्ह, आमच्याकडे एक कमी आहे, तू बघितलीस का?

मी म्हटलं, नो.