फुलोऱ्याच्या आधीची ऐंशी वर्षं

'शंभर वर्षांतून एकदाच फुलणारी वनस्पती' या मथळ्याचा एक फोटो गेली काही वर्षं वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे येत राहिलाय. उजाड खडकाळ उतार, मागे बर्फाचे डोंगर, मधोमध सरळ आभाळात गेलेला प्रचंड तुरा आणि त्याच्या पायथ्याशी उभा असलेला एक माणूस. खाली तीन ओळींचा मजकूर आणि हात जोडलेले इमोजी. फोटो खरा आहे. वनस्पतीही खरी आहे. पण फुलाचं कौतुक करून आपण सगळे पुढे सरकतो आणि ते झाड संपत का चाललंय हे त्या तीन ओळींत कधीच येत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

झाडाचं नाव पुया रायमोंडी. पेरू आणि बोलिव्हिया या दोनच देशांत, अँडीज पर्वताच्या साधारण तीन हजार ते पावणेपाच हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात ते नैसर्गिकरीत्या वाढतं. हे ब्रोमेलियाड कुळातलं, म्हणजे आपल्या अननसाचं भावंड, आणि त्या कुळातलं आकाराने सगळ्यात मोठं. लांब तलवारीसारख्या पात्यांचा गच्च गोल घेर, पात्यांच्या दोन्ही कडांना आत वळलेले आकड्यासारखे काटे. जुनी पाती वाळली तरी गळून पडत नाहीत, खोडाभोवती तशीच लटकत राहतात. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा कातडी सोलणारं ऊन अशा जागी खोडाला त्या वाळक्या पात्यांचाच आडोसा असतो. त्यात पक्षी घरटी करतात. कधी तेच पक्षी काट्यांत अडकून मरतातही.

तर असं हे झाड ऐंशी ते शंभर वर्षं नुसतं वाढतं. काही ठिकाणी याहून लवकर फुलत असेल, पण अभ्यासक साधारण हाच काळ धरतात. मग एका वर्षी मधून तुरा निघतो. झाडाची एकूण उंची दहा मीटरच्या आसपास जाते, कधी त्याहून जास्त. एका तुऱ्यावर आठ हजार ते वीस हजार फुलं येतात, त्यांच्यावर हमिंगबर्ड येतात. बियांची संख्या कोटीच्या घरात जाऊ शकते. बी पिकलं की झाड मरतं. आयुष्यात एकदाच. आपल्याकडे कारवी हेच करते, सात-आठ वर्षांनी फुलून मरते, त्यामुळे सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे गणित नवं नाही. फक्त इथे सात वर्षांऐवजी माणसाचं अख्खं आयुष्य आहे.

आता कोणी म्हणेल, कोटभर बिया टाकणारं झाड नामशेष कसं होईल? मीही या प्रश्नावर बराच वेळ अडखळले होते. बी बारीक असतं, त्याला पातळ पंख असतो, वाऱ्यावर उडतं, पण बहुतेक बी आईच्या आसपासच पडतं. तिथे त्याला दगडांमधली नेमकी फट हवी, पाण्याचा निचरा हवा, वेळेवर पाऊस हवा. उगवलंच तर ते रोप अनेक वर्षं इतकं लहान राहतं की गुरांच्या एका खुराखाली संपतं. म्हणून ही झाडं सलग जंगलासारखी पसरलेली नाहीत. एका उतारावर शेकडो, आणि शेजारच्या तशाच दिसणाऱ्या उतारावर एकही नाही. डोंगरांवर बेटं असावीत तशा या वसाहती आहेत. त्यातल्या काहींमधल्या झाडांचा जनुकीय अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वैविध्य फारच कमी निघालं, काही वसाहतींत तर झाडं जवळपास एकसारखीच. म्हणजे हवामान बदललं किंवा रोग आला तर सगळी एकदमच कोसळण्याची भीती. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जाती 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेली आहे.

आणि मग आग. यावर मला जास्त बोलायचंय.

अँडीजमध्ये लामा आणि अल्पाका हे उंटाच्या कुळातले पाळीव प्राणी हजारो वर्षांपासून आहेत. मेंढी आली सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. मेंढीची लोकर पुयाच्या उलट्या काट्यांत अडकते. सुटायची धडपड केली की आणखी अडकते, आणि कोणी सोडवायला आलं नाही तर ती तिथेच मरते. ज्या घराच्या सगळ्या मालमत्तेत मोजक्या मेंढ्या आहेत, त्या घराला एका मेंढीचं मरण म्हणजे काय, हे आपल्या धनगरवाड्यांवर कोणालाही विचारा. म्हणून मेंढपाळ पुयाला काडी लावतो. वाळक्या पात्यांचा तो घेर भडाभडा पेटतो. शिवाय कोवळं गवत यावं म्हणून माळावर आग लावतात, ती पसरत झाडांपर्यंत येते. 'जाळलं की गवत चांगलं येतं' हे वाक्य आपल्या पठारांवर दर उन्हाळ्यात ऐकू येतं, तेच तिथे.

या विषयावर जे लिहिलं जातं त्यात या मेंढपाळाला सहज गुन्हेगार ठरवलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. केचुआ आणि आयमारा समाजाची ही माणसं त्या उंचीवर पिढ्यान् पिढ्या राहतायत. या झाडाला त्यांची स्वतःची नावं आहेत, तितांका हे त्यातलं एक. वाळलेला दांडा जळणाला, कुंपणाला, छपराला त्यांनी वापरलाय. मेंढीचं नुकसान एकट्याने सोसायचं आणि झाडाचं कौतुक जगाने करायचं, ही वाटणीच अन्यायाची आहे. ज्या दिवशी मेलेल्या मेंढीची भरपाई वेळेवर हातात पडेल त्या दिवशी काडीपेटी खिशातच राहील, असं मला ठामपणे वाटतं. नुसत्या बंदीच्या पाट्यांनी हे होणार नाही.

बाहेरच्या अभ्यासकांचं म्हणाल तर फ्रेंच निसर्गवैज्ञानिक दॉर्बिन्यी यांनी 1830 मध्ये बोलिव्हियात हे झाड पाहिलं. मूळचे इटलीचे, पण 1850 पासून पेरूचेच होऊन गेलेले आंतोनिओ रायमोंडी यांनी 1874 मध्ये त्याचं वर्णन छापलं. आजचं शास्त्रीय नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हार्म्स यांनी 1928 मध्ये दिलं. हे सगळं आठवताना मला एकच गोष्ट सतत जाणवते. रायमोंडींचं वर्णन छापून झाल्यावर ज्या बिया रुजल्या, त्यांची झाडं फुलून, बी टाकून मरून गेली असतील. हार्म्सनी नाव दिलं त्या वर्षी रुजलेलं झाड कदाचित आत्ताच कुठे तुरा काढत असेल. एवढ्या लांब पल्ल्याचं हे काम आपण तीन वर्षांच्या, पाच वर्षांच्या प्रकल्पांवर सोपवतो. पैसा संपतो, माणसं बदलतात, कुंपण मोडतं. रोप अजून वीतभरच असतं.

पेरूत वास्करान राष्ट्रीय उद्यान 1975 मध्ये झालं, 1985 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पास्तोरुरी हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर, कार्पा भागात ही झाडं रस्त्यावरून दिसतात. ती हिमनदी डोळ्यांदेखत आक्रसतेय, आणि तापमान असंच वाढलं तर पुयाला आणखी वर सरकावं लागेल. पण डोंगराला शेंडा असतो, त्याच्या वर जागा नाही. उद्यानाच्या आतही परंपरेने चालत आलेली चराई आहे, आणि कितीतरी वसाहती उद्यानाबाहेर, गावांच्या सामाईक जमिनींवर आहेत. तिथे झाड टिकायचं तर ते गावानेच टिकवायचंय.

'मग वनस्पती उद्यानांत लावा की', असंही सुचवलं जातं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठाच्या उद्यानात लावलेलं एक झाड 1986 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षीच फुललं. आनंदाची बातमी आहे, बी सांभाळून ठेवायला अशा जागा हव्यातच. पण समुद्रसपाटीजवळ फुललेल्या एका झाडाने डोंगरावरची वसाहत वाचत नाही. तिथले पक्षी, ते वाळके घेर, ती दगडांतली फट, हे काहीच कुंडीतून परत नेता येत नाही.

मला विचाराल तर पैसा लावायचा तो फुललेल्या झाडाभोवती कठडा बांधायला नको. ते झाड तसंही वर्षभरात मरणार आहे. मेलेल्या झाडाभोवतीचा उतार पुढची दहा-पंधरा वर्षं गुरांपासून आणि आगीपासून राखायला लावा. राखणीची मजुरी तिथल्याच घरांना द्या. पर्यटकांकडून घेतलेल्या पैशातला ठरलेला वाटा मेंढ्यांच्या भरपाईला बाजूला काढा. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामातली गर्दी आपण पाहिली आहे, आणि बाकीच्या महिन्यांत त्याच कातळाला 'पडीक' म्हणणारी माणसंही पाहिली आहेत. त्यामुळे फुलोऱ्यापुरतं प्रेम किती पुरतं हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायला नको.

माझ्या मित्रयादीतली काही मंडळी अमेरिकेत राहतात, त्यातल्या दोघातिघांनी पेरूला जायचा बेत बोलून दाखवलाय. पास्तोरुरीच्या वाटेवर जाल तेव्हा गाडी थांबवा, स्थानिक वाटाड्या घ्या, त्याला नीट पैसे द्या. तुऱ्याचा फोटो काढाच. मग खाली बसून आसपासच्या दगडांच्या फटीत वीतभर उंचीची काटेरी रोपं दिसतात का बघा. पाय जपून टाका, आणि दिसली तर त्यांचाही फोटो इथे टाका.