पणजोबांचा शाप आणि मावशीचा कागद

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. म्हणणं असं: घरात पिढ्यान्‌पिढ्या साखर, दारू, मोडलेली लग्नं दिसत असतील तर तो ‘पिढीजात शाप’. पूर्वजांच्या मूर्तिपूजेचं ते फळ. बाप्तिस्म्याने तो तुटत नाही, त्यासाठी बंधनमुक्तीची वेगळी प्रार्थना लागते. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचा, तो चुकवला तर आणखी शाप. माझ्या मावशीने तर एका सभेत वंशावळीचा कागदही भरला. कोण खंडोबाला जायचं, कोण मरीआईला, असे रकाने होते त्यात.

मेसेजचा मुख्य आधार बायबलमधलं निर्गम 20:5. बापाच्या अपराधाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. वचन आहेच, पण अर्धं तोडून दिलंय. ‘माझा द्वेष करणाऱ्यांच्या’ हे शब्द गाळलेत. आणि लगेच पुढच्या वचनात, प्रीती करणाऱ्या हजारोंवर दया, हेही गायब. शासन तीन-चारांपर्यंत आणि दया हजारांवर, हा हिशोब कोणाला गैरसोयीचा वाटला असेल?

बरं, हा वाद आजचा नाही. बाबेलच्या बंदिवासात यहूदी लोक हेच म्हणत होते: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात देव सरळ सांगतो, ही म्हण आता इस्राएलात वापरायची नाही. मग संदेष्टा तीन पिढ्यांचंच उदाहरण घेतो. बाप नीतिमान. मुलगा दरोडेखोर, रक्तपात करणारा. नातवाने बापाचे उद्योग डोळ्यांनी पाहिले, पण तो त्या वाटेला गेला नाही. तो नातू बापाच्या पापासाठी मरणार नाही, तो जगेल. त्याची वंशावळ तपासून कुठला शाप तोडावा लागला नाही. यिर्मयाच्या 31व्या अध्यायातही हीच आंबट द्राक्षं आहेत, आणि तिथेही म्हण मोडीतच काढली आहे.

बापाच्या दारूने पोराचं बालपण होरपळतं, हे मी नाकारत नाही. साखरही रक्तातून उतरते. पण परिणाम वेगळा आणि शाप वेगळा. साखरेला डॉक्टर लागतो.

बाप्तिस्म्यानंतरही शाप उरतो म्हणे! गलतीकरांना पत्र लिहिताना प्रेषित पौलासमोर होते ते मूर्तिपूजकांच्या घरात वाढलेलेच लोक (4:8 वाचा). त्याच पत्रात तो शापाबद्दल लिहितो, ते काय? ख्रिस्ताने स्वतः शाप होऊन आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं (3:13). आजोबांची नावं लिहून आणा, असं नाही. कॅथलिकांपुरतं सांगायचं तर स्पेनच्या बिशपांनी 2024 मध्ये या ‘पिढ्यांच्या आरोग्यदाना’विरुद्ध, म्हणजे पूर्वजांच्या पापांचे परिणाम तोडायच्या प्रार्थनांविरुद्ध, लेखी टिपण काढलं, पोलंडचे बिशप 2015 मध्येच बोलले होते.

योहान 9 तर आपल्या सगळ्यांच्या तोंडपाठ. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. मग थुंकीने चिखल करून डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांचा तो प्रश्न आज आपण फॉर्मवर छापून वाटतोय.

दशांश चुकवला तर शाप, यासाठी मलाखी 3:9 दाखवतात, त्याबद्दल थोडक्यात. ते मंदिराच्या कोठारात धान्य न आणणाऱ्या यहूदी राष्ट्राला उद्देशून आहे. ख्रिस्ती मंडळीला पौल काय सांगतो? दुःखी मनाने किंवा सक्तीने देऊ नका (2 करिंथ 9:7). शापाच्या भीतीने दिलेलं पाकीट याच सक्तीत मोडतं, असं माझं मत.

मेसेजची शेवटची ओळ: दहा जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद अडेल. नीतिसूत्रे 26:2 म्हणतं, विनाकारण शाप भिरभिरणाऱ्या चिमणीसारखा, तो येऊन बसत नाही. मी पाठवला नाही.

मावशीच्या कागदावर पणजोबांचा रकाना कोराच राहिला होता. नाव घरात कोणालाच माहीत नाही. तिने विचारलं, आता काय लिहू? उत्तर आलं, राहू द्या, प्रभूला माहीत आहे. मावशी म्हणाली, मग बाकीचे तरी कशाला लिहून घेतलेत?